केसांची साक्ष

मराठी भाषेनें केसाला फारसा मान दिलेला नाहीं. विश्वासघात करणाऱ्यास आपण 'केसानें गळा कापणारा' म्हणतों, आणि कोणाच्या रक्षणाची ग्वाही द्यावयाची झाली म्हणजे 'त्याच्या केसालाहि धक्का लागूं देणार नाहीं' असें म्हणतों. दोन्ही ठिकाणीं केस म्हणजे देहांतील अगदीं क्षुल्लक वस्तु, हेंच गृहीत धरलेलें असतें. न्हाव्याच्या दुकानांत तो केराबरोबर लोटला जातो, आणि ताटांत सांपडला तर घरांत तंटा होतो. परंतु गेल्या सुमारें पन्नास वर्षांत रसायनशास्त्रानें ह्याच क्षुल्लक वस्तूस न्यायालयांत साक्षीदाराचा मान मिळवून दिला आहे. मनुष्यानें कोणतें औषध घेतलें, कोणतें अमली द्रव्य सेवन केलें, किंवा त्याला नकळत कोणतें विष चारलें गेलें, ह्याची नोंद केसांत राहते व ती कित्येक महिन्यांनींहि वाचतां येते. ही नोंद होते कशी, ती वाचतात कशी, आणि तिच्यावर विसंबावें कितपत, ह्या तीन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

विषप्रयोग ओळखण्याचा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत, अकस्मात् मेलेल्या मनुष्याच्या प्रेताची परीक्षा कशी करावी ह्याविषयीं एक स्वतंत्र अध्यायच आहे. इंग्रजी अमदानींत ह्या परीक्षेस प्रयोगशाळेचें रूप आलें. मद्रास येथें १८४९, कलकत्त्यास १८५३, आग्र्यास १८६४ आणि मुंबईस १८७० सालीं सरकारी रासायनिक परीक्षणाच्या प्रयोगशाळा निघाल्या. मुंबईची प्रयोगशाळा निघून चार वर्षें होतात न होतात, तोंच सारा हिंदुस्थान गाजविणारें एक प्रकरण तिच्यापुढें आलें. नोव्हेंबर १८७४ मध्यें बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांनीं सरबताचे एकदोन घोट घेऊन उरलेलें फेंकून दिलें, आणि पेल्याच्या तळाशीं गाळ पाहून त्यांस संशय आला. त्या गाळांत सोमल व हिऱ्याची पूड असल्याचें पृथक्करणाअंतीं सांगण्यांत आलें. मल्हारराव गायकवाड यांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या सहा जणांच्या मंडळांत तीन विरुद्ध तीन अशीं मतें पडलीं, आणि १८७५ सालीं मल्हारराव पदच्युत झाले. ह्या प्रकरणाचें राजकारण आपण बाजूस ठेवूं. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच, कीं रासायनिक पुरावा सारा पेल्याच्या तळाशीं उरलेल्या चिमूटभर गाळावर उभा होता. गड्यानें तो पेला विसळून ठेवला असता, तर पृथक्करणकारास हात चोळीत बसावें लागलें असतें.

ही अडचण आजहि सर्वस्वीं संपलेली नाहीं. रक्त आणि लघवी हीं पृथक्करणकाराचीं नेहमींचीं साधनें होत. परंतु बहुतेक औषधें रक्तांतून एकदोन दिवसांत आणि लघवींतून दोनचार दिवसांत नाहींशीं होतात. रेल्वेच्या डब्यांत गोड बोलून चहाबिस्किटें पुढें करणारा सहप्रवासी आपणां सर्वांस ऐकून ठाऊक आहे. पूर्वीचे वाटमारे ह्या कामीं धोतऱ्याचें बीं वापरीत. आतांचे झोपेच्या गोळ्या वापरतात. प्रवासी शुद्धीवर येतो, दोन दिवस ग्लानींत काढतो, घरीं पोंचतो आणि मग तक्रार करतो. तोंपर्यंत त्याचें रक्त निर्मळ झालेलें असतें. सामान गेलें तें गेलेंच, वर 'आपणांसच झोप लागली असेल' असें ऐकून घ्यावें लागतें. स्त्रियांच्या बाबतींत अशा गुंगीच्या औषधाचा उपयोग ह्याहून अधम हेतूनें केला जातो, आणि तेथें पुराव्याअभावीं होणारा अन्याय किती भयंकर असेल, हें सांगावयास नकोच.

आतां केसाकडे वळूं. आपण जो केस पाहतों तो मृत असतो; त्याचें जिवंत मूळ त्वचेखालीं कांहीं मिलिमीटर खोल असतें. त्या मुळाभोंवतीं सूक्ष्म रक्तवाहिन्यांचें जाळें पसरलेलें असतें. रक्तांतून जें जें वाहतें, त्याचा अल्पसा अंश मुळांतील वाढत्या पेशींत शिरतो. ह्या पेशी वर सरकतां सरकतां केराटिन नांवाच्या कठीण प्रथिनानें भरून जातात, आणि डिंकांत अडकलेल्या मुंगीप्रमाणें तें द्रव्य तेथेंच कोंडलें जातें. त्यानंतर यकृत आणि मूत्रपिंड ह्यांनीं सारें शरीर धुऊन काढलें, तरी केसांतील तो अंश त्यांच्या हातीं लागत नाहीं. १८५८ सालच्या एका जर्मन न्यायवैद्यक ग्रंथांत, अकरा वर्षांनीं उकरून काढलेल्या प्रेताच्या केसांत सोमल सांपडल्याची नोंद आहे. मात्र सोमलासारखीं खनिज विषें शोधणें सोपें. अफूसारखीं वनस्पतिजन्य द्रव्यें अत्यल्प प्रमाणांत असल्यामुळें त्यांचा शोध फार उशिरां लागला. १९७९ सालीं अमेरिकेंत बाउमगार्टनर व त्यांचे सहकारी यांनीं अफूपासून होणाऱ्या द्रव्यांचा अंश व्यसनी माणसांच्या केसांत दाखवून दिला, आणि तेथून ह्या शाखेची खरी वाढ झाली.

केसाचें विशेष महत्त्व त्याच्या वाढींत आहे. डोक्यावरचा केस महिन्यास सरासरी एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे टाळूलगतचा एक सेंटिमीटर गेल्या महिन्याचा, त्यापुढील त्याआधींच्या महिन्याचा, असा हिशेब मांडतां येतो. रक्त हें आजचें वर्तमान सांगतें. केस मागील महिन्यांचें पंचांग सांगतो.

ह्याचा अर्थ बीड जिल्ह्याच्या उदाहरणानें अधिक स्पष्ट होईल. ह्या जिल्ह्यांतून दरसाल हजारों कुटुंबें ऊसतोडणीसाठीं बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायकोचा एकेक 'कोयता' दसरा-दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर, सांगली, सोलापूर किंवा कर्नाटक ह्या बाजूंस निघतो, आणि पाडव्याच्या आगेंमागें परत येतो. मधले पांचसहा महिने फडाजवळच्या कोपींत राहावयाचें, मिळेल त्या विहिरीचें पाणी प्यावयाचें, आणि अंग दुखलें तर कोणी देईल ती गोळी घ्यावयाची. समजा, अशा एका बाईला पौषांत उलट्या झाल्या, हातापायांस मुंग्या आल्या, पुढें थोडें बरें वाटलें, आणि चैत्राच्या अखेरीस ती अंबेजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत दाखल झाली. त्या दिवशींचें तिचें रक्त पौषांतील घटनेबद्दल कांहींच सांगणार नाहीं. तिच्या केसाचे मात्र सेंटिमीटरासेंटिमीटराचे तुकडे करावे. मुळाकडील पहिला तुकडा चैत्राचा, दुसरा फाल्गुनाचा, तिसरा माघाचा, आणि चौथा पौषाचा. चौथ्या तुकड्यांत व त्याच्या शेजारीं सोमल पुष्कळ, आणि इतरत्र नांवापुरता, असें आढळलें, तर चौकशी फडावरच्या विहिरीपासून, तेथील फवारणीच्या औषधांपासून किंवा कोपींतील माणसांपासून सुरू करावी लागेल. सगळ्याच तुकड्यांत तो सारखा आढळला, तर घरच्या पाण्याकडेहि पाहावें लागेल. लांब वेणींत अशी कित्येक वर्षांची हकीकत सांठलेली असते. उलट नुकतेच केस कापलेल्या पुरुषाच्या डोक्यावर एकदोन महिन्यांपलीकडची हकीकत उरत नाहीं. एवढेंच नव्हे, तर नवजात बालकाचें जावळ मातेच्या उदरांतच वाढलेलें असल्यामुळें, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तांत कोणतीं द्रव्यें होतीं, ह्याचाहि सुगावा त्यांतून लागतो.

ही नोंद वाचण्याची रीत अशी. प्रथम केस पाण्यानें व सेंद्रिय द्रावकानें धुतात. बाहेरून चिकटलेली धूळ, धूर, घाम व तेल निघून जावें हा त्यांतील हेतु. आणि दक्ष पृथक्करणकार हें धुवणहि तपासून ठेवतो. मग केसाचे तुकडे करून त्यांची पूड करतात व ती द्रावकांत भिजवून आंतील द्रव्य बाहेर काढतात. हें मिश्रण एका बारीक नळींतून दाबाखालीं नेलें असतां त्यांतील घटक एकामागून एक वेगळे होतात, आणि पुढच्या यंत्रांत प्रत्येक घटकाचे रेणु वजनावरून ओळखले जातात. ह्या जोडयंत्रास लिक्विड क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री असें लांबलचक नांव आहे. त्याची सूक्ष्मता ध्यानांत यावी म्हणून एकच आंकडा सांगतों. कोकेनच्या बाबतींत आंतरराष्ट्रीय संस्थेनें सुचविलेली मर्यादा एका मिलिग्रॅम केसामागें अर्धा नॅनोग्रॅम आहे. म्हणजे एक किलो केसांत अर्धा मिलिग्रॅम द्रव्य! सोमल, थॅलियम, पारा, शिसें अशा धातुवर्गीय विषांसाठीं निराळें यंत्र असतें.

महाराष्ट्रांत केसानें दिलेल्या साक्षीचें ताजें उदाहरण बुलढाणा जिल्ह्याचें आहे. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ ह्या काळांत शेगांव तालुक्यांतील बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि गांवांत माणसांचे केस मूठमूठ गळूं लागले आणि तीनचार दिवसांत टक्कल पडूं लागलें. लोक भयभीत झाले. नाना तर्क निघाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पथकानें येऊन नमुने घेतले. विंचूदंशावरील संशोधनामुळें सर्वश्रुत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनींहि स्वतंत्र शोध केला. फेब्रुवारी २०२५ मध्यें त्यांनीं जाहीर केलें, कीं रुग्णांच्या शरीरांत सेलेनियम हें मूलद्रव्य फार वाढलेलें असून रक्तांतील वाढ ३५ पट, लघवींतील ६० पट, आणि केसांतील १५० पट आहे; आणि त्याचें मूळ त्यांनीं स्वस्त धान्याच्या दुकानांतील गव्हांत असल्याचें सांगितलें. येथें अपराधी मनुष्य कोणी नव्हता. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें त्या तीन आंकड्यांची चढती भांजणी पाहण्यासारखी आहे. रक्तापेक्षां लघवी आणि लघवीपेक्षां केस अधिक बोलका ठरला.

श्रोतेहो, इथवर ऐकून कोणास वाटेल, कीं आतां गुन्हेगार सुटत नाहीं. परंतु साक्षीदार कितीहि बोलका असला, तरी त्याची उलटतपासणी व्हावयासच पाहिजे. ती केल्यावांचून त्याच्यावर विसंबणें किती घातक, हें सांगणें माझ्या ह्या भाषणाचा मुख्य हेतु आहे.

पहिली गोष्ट, केस तासांचा हिशेब देत नाहीं. विष पोटांत गेल्यापासून त्याचा अंश असलेला केस त्वचेबाहेर दिसूं लागण्यास सुमारें आठवडा लागतो. शेतावरील कीटकनाशक पोटांत जाऊन कांहीं तासांत वा दोनतीन दिवसांत मृत्यु आला, तर केस मुकाच राहील. तेथें जठर, यकृत व मूत्रपिंड ह्यांचे नमुने आणि रक्त हींच खरीं साधनें. 'केसांत कांहीं सांपडलें नाहीं, अर्थात् विष दिलेंच नव्हतें', हा युक्तिवाद अशा ठिकाणीं सर्वस्वीं चुकीचा होय.

दुसरी गोष्ट, केसावर सांपडलेलें द्रव्य पोटांतूनच आलें असेल असें नाहीं. नेपोलियनची गोष्ट प्रसिद्ध आहे. तो १८२१ सालीं सेंट हेलेना बेटावर मरण पावला. १९६१ सालीं त्याच्या केसांत सोमल पुष्कळ असल्याचें प्रसिद्ध झालें, आणि इंग्रजांनीं त्यास विष घातलें ह्या तर्कास ऊत आला. पुढें २००८ सालीं इटालियन शास्त्रज्ञांनीं त्याच्या बालपणचे केस, त्याच्या मुलाचे केस आणि सम्राज्ञी जोसेफीनचे केस तपासले. त्या सर्वांतच सोमल आजच्या मानानें फार निघाला! त्या काळच्या राहणींतच तो मुरलेला होता. एकट्याचा केस पाहून खून दिसला. शेजारच्यांचे केस पाहतांच तो दिसेनासा झाला.

तिसरी गोष्ट अलीकडची, आणि अधिक दुःखद आहे. कॅनडांतील टोरांटो शहराच्या एका नामांकित बालरुग्णालयांत मदरिस्क नांवाची प्रयोगशाळा होती. आईबाप अमली द्रव्यें घेतात कीं काय, हें तेथें केसांवरून ठरविलें जाई, आणि त्या अहवालांचा आधार घेऊन मुलें आईबापांपासून काढून घेतलीं जात. एका मातेस तर मुलाला कोकेन दिल्याच्या आरोपावरून शिक्षा झाली. ती २०१४ सालीं वरिष्ठ न्यायालयानें रद्द केली. २०१५ च्या डिसेंबरांत निवृत्त न्यायमूर्ति सुसान लँग यांनीं निर्णय दिला, कीं २००५ ते २०१५ ह्या काळांतील तेथील केसांच्या परीक्षा न्यायालयांत वापरण्यास अपुऱ्या व अविश्वसनीय होत्या. केस नियमितपणें धुतलेच जात नव्हते. प्राथमिक चांचणीवरच भिस्त ठेवून पुढची निश्चयात्मक परीक्षा कित्येकदां केलीच जात नव्हती. २०१८ सालीं चौकशी-आयोगानें १,२७१ प्रकरणें तपासलीं, आणि त्यांपैकीं ५६ प्रकरणांत ह्या परीक्षेचा निकालावर मोठा परिणाम झाल्याचें सांगितलें. चूक कागदावर दुरुस्त झाली. परंतु दुसऱ्या घरीं वाढलेलें मूल पुन्हां पहिल्या घरचें होत नाहीं.

आणखी एक बाब आपल्या लोकांनीं विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. केसाला काळेपणा आणणारें जें मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य, तें कित्येक औषधांस घट्ट धरून ठेवतें. त्यामुळें तेवढाच डोस घेतलेल्या दोन माणसांपैकीं काळ्या केसांच्या माणसांत द्रव्य अधिक सांपडतें, आणि पांढऱ्या केसांच्या माणसांत कमी. एकाच डोक्यावरच्या काळ्या व पिकलेल्या केसांतहि हा फरक दिसतो. उलट, केस रासायनिक रंगानें रंगविले, भुरे केले, किंवा सरळ करून घेतले, तर आंतील द्रव्य घटतें. म्हणून केसांतील आंकड्यावरून 'अमक्यानें इतक्या गोळ्या घेतल्या' असें सांगतां येत नाहीं. कोणतें द्रव्य होतें व अदमासें कोणत्या महिन्यांत होतें, एवढेंच सांगणें प्रामाणिकपणाचें होय. तेंहि, शरीरांतून गेल्यावरच निर्माण होणारें त्या द्रव्याचें रूपांतर सोबत सांपडलें, तर अधिक बळकट ठरतें.

कायद्यानें ह्या साक्षीस जागा करून दिलेली आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५१ व्या कलमांत आरोपीच्या वैद्यकीय तपासणींत केसांच्या नमुन्यांचा स्पष्ट उल्लेख आहे; ३२९ व्या कलमानें सरकारी शास्त्रज्ञाचा अहवाल पुरावा म्हणून घेतां येतो, आणि न्यायालयास वाटल्यास त्या शास्त्रज्ञास बोलावून प्रश्नहि विचारतां येतात. सात वर्षें वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानें घटनास्थळीं जावें, असें १७६ वें कलम सांगतें. बीडसारख्या जिल्ह्यांतील नमुन्यांसाठीं छत्रपति संभाजीनगर येथें प्रादेशिक प्रयोगशाळा आहे, आणि मुख्य प्रयोगशाळा मुंबईस कालिना येथें आहे. म्हणजे कायदा आहे, प्रयोगशाळाहि आहेत. उणीव बहुधा सुरुवातीसच राहते. शवविच्छेदनाच्या वेळीं जठर, यकृत इत्यादि अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणांत भरले जातात. परंतु मृत्यूपूर्वीं महिनादोनमहिने मनुष्य झिजत गेला असतांहि त्याची बट कापून ठेवावी, हें कित्येकदां कोणास सुचत नाहीं. आपल्याकडे बहुतेक प्रेतें दहन होतात. चितेच्या पहिल्या ज्वाळेंत केस नाहींसा होतो, आणि त्याबरोबर त्या महिन्यांची हकीकतहि. पुरलेलें प्रेत अकरा वर्षांनीं उकरतां येतें. राखेला विचारावयाचें काय?

म्हणून घरच्या माणसांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. घरांतील कोणी वारंवार उलट्या, हातापायांची आग व केस गळणें अशा तक्रारींनीं महिनोन् महिने आजारी असेल आणि निदान होत नसेल, तर विषाची शंका डॉक्टरांपुढें बोलून दाखवावी; त्यांत कोणावर आरोप होत नाहीं. संशयित मृत्यु झाल्यास दहनापूर्वींच केसांचा नमुना घेण्याची विनंती पोलिसांस व डॉक्टरांस लेखी करावी. नमुना डोक्याच्या मागच्या वरच्या भागांतून, शिसपेन्सिलीएवढी जाड बट टाळूलगत कापून घेतात, दोऱ्यानें बांधून मुळाकडची बाजू दाखवितात, आणि कोरड्या कागदी लखोट्यांत मोहरबंद करून ठेवतात. हें काम अधिकाऱ्याच्या हातूनच व्हावें. घरीं कापलेल्या बटेला न्यायालयांत किंमत राहणार नाहीं. आणि प्रवासांत किंवा अन्यत्र कोणी गुंगीचें औषध दिल्याचा संशय आल्यास रक्त व लघवी त्याच दिवशीं तपासावयास द्यावी. तो दिवस हुकला, तर महिनादीडमहिन्यानें केस तपासतां येतात. तोंपर्यंत मात्र केस कापूं नयेत व रंगवूंहि नयेत.

न्यायालयांत ज्यांचें कोणी माणूस मेलें आहे त्यांनाहि न्याय हवा असतो, आणि ज्यांच्यावर खोटा आळ आला आहे त्यांनाहि हवा असतो. नीट घेतलेला, नीट धुतलेला आणि दोनदां तपासलेला केस ह्या दोघांच्याहि उपयोगीं पडतो. निष्काळजीपणें हाताळलेला केस दोघांचाहि गळा कापतो. पृथक्करणकार, डॉक्टर, पोलिस आणि न्यायाधीश ह्यांच्या इतकीच ही जबाबदारी अहवालाचा अर्थ विचारणाऱ्या नागरिकाचीहि आहे, इतकें सांगून मी आपली रजा घेतों.